भंडारदऱ्याच्या सहलीत धरण राहून गेले, त्याचे प्रकरण

ऑगस्टमधल्या एका रविवारी नाशिकहून मोटारीने भंडारदऱ्याला गेलेल्या आमच्या सात जणांच्या कुटुंबाने चौदा तासांत सुमारे १८५ किलोमीटर प्रवास केला, रस्त्याकडेचे ओळीने सात-आठ धबधबे पाहिले, घाटघरचे धुके पाहिले, रतनवाडीचे देऊळ पाहिले आणि ज्या धरणासाठी हा सारा खटाटोप मांडला होता ते धरण न पाहताच आम्ही परत आलो. गाडी मी चालवत होतो आणि दिवसाचा आराखडाही मीच पक्का केला होता, त्यामुळे या प्रकरणाची नोंद करताना दोष दुसऱ्या कोणावर ढकलण्याची सोय मला नाही. अपघात झाला नाही, कोणी दुखावले नाही, आणि परतल्यावर शेजाऱ्यांना आम्ही 'मजा आली' असेच सांगितले. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या चहा पिताना 'पाण्याचा आवाज मोठा होता' एवढेच म्हणाले, तेव्हा नेमके कुठे बिनसले हे कागदावर मांडून पाहावेसे वाटले.

कुटुंब आणि निमित्त

तात्या म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. आमचे गाव श्रीरामपूर तालुक्यात, बेलापूरच्या पुढे, प्रवरेच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात, आणि त्यातही पाटाच्या शेपटाकडे आहे. वयाच्या विसाव्या वर्षापासून जवळजवळ पन्नास वर्षे तात्यांनी या पाण्यावर शेती केली. पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरायचा, आवर्तन म्हणजे कालव्याची ठरलेली पाणीपाळी सुटल्याची बातमी कधी वर्तमानपत्रात वाचायची तर कधी चावडीवर ऐकायची, मग पाणी वाटून देणाऱ्या पाटकऱ्याला गाठून आपल्या चारीचा, म्हणजे शेतापर्यंत येणाऱ्या लहान पाटाचा, नंबर कधी लागतो ते विचारायचे, आणि तो बहुधा मध्यरात्रीनंतरच लागत असल्याने आधी कंदील आणि पुढच्या काळात बॅटरी घेऊन, खांद्यावर फावडे टाकून बारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायचे, असा हा क्रम होता. आमच्या घरात 'भंडारदरा' हा शब्द गावाचे नाव म्हणून फारसा उच्चारला गेला नाही. एखाद्या वडीलधाऱ्या, थोड्या लहरी नातेवाइकासारखा तो बोलण्यात यायचा: 'यंदा भंडारदरा लवकर भरला', 'या वेळी भंडारदऱ्यानं हात आखडता घेतला'. एवढे असूनही तात्यांनी धरण पाहिलेले नव्हते. गावापासून कोल्हार-घोटी रस्त्याने अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर, पण ज्या दिवसांत धरण पाहण्यासारखे असते त्या दिवसांत शेतकऱ्याला सवड नसते, आणि सवड असते तेव्हा धरणात पाणी नसते.

शेती कमी करून आई-तात्या माझ्याकडे नाशिकला राहायला आले त्याला आता तीन वर्षे झाली. जुलैअखेरीस वर्तमानपत्रात 'भंडारदरा भरण्याच्या मार्गावर' अशी बातमी आली. ती त्यांनी दोनदा वाचली आणि कात्री मागून घेऊन कात्रण काढले. सहलीचे निमित्त तेवढेच होते.

धरणाविषयी चार ओळी इथेच लिहितो, कारण तात्यांना काय पाहायचे होते हे त्याशिवाय कळणार नाही. प्रवरा रतनगडावर उगम पावते आणि अकोले तालुक्यात शेंडी गावाजवळच्या खिंडीत हे दगडी धरण तिला अडवते. बांधकाम १९१० साली सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्यांच्या नावाने धरण 'विल्सन डॅम' आणि मागचा जलाशय 'आर्थर लेक' म्हणून नोंदला गेला, तरी लोकांच्या तोंडी भंडारदराच राहिले. भिंतीची उंची सुमारे २७० फूट, साठा ११ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) थोडा वर. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि आमच्या श्रीरामपूरच्या शिवारात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक बरे म्हणतात. या दोन आकड्यांच्या मधे ही भिंत उभी आहे. प्रवराकाठचा ऊस, १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने निघालेला सहकारी साखर कारखाना, आमच्या घरातली लग्ने आणि माझे इंजिनिअरिंगचे शिक्षण, हे सगळे या भिंतीमागच्या पाण्यावर झाले.

आराखडा

तात्यांची इच्छा एका ओळीची होती: धरणासमोर उभे राहायचे. ती ओळ आमच्या घरात शिरली आणि चार दिवसांत तिची यादी झाली. माझ्या मुलीने मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून ठिकाणे काढली. ताई आणि तिचा दहा वर्षांचा मुलगा पुण्याहून आले होते, त्यामुळे 'आता एवढे जातोच आहोत तर' हे वाक्य दर जेवणाला ऐकू येऊ लागले. अंतिम यादीत रस्त्याकडेचे धबधबे, घाटघरचा कोकणकडा, साम्रदची सांदण दरी, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, अंब्रेला फॉल, धरण, रंधा धबधबा आणि राजूरचे पेढे अशी आठ नावे होती. धरण सहावे. पावसाळ्यात सांदण दरीत पाणी भरलेले असते आणि तिच्यात उतरणे जिवावरचे असते, हे वीस वर्षे नाशिकला राहिलेल्या माणसाला ठाऊक असायला हवे होते. मला ते ठाऊक होते. तरी यादीतले नाव मी खोडले नाही, कारण मुलीने हौसेने लिहिले होते.

मी अंतरांची बेरीज केली. नाशिक ते घोटी सदतीस, घोटी ते शेंडी पस्तीसेक, जलाशयाचा फेरा पंचेचाळीस, रंध्याला जाऊन-येऊन वीस आणि परतीचे बहात्तर असे मिळून साधारण २०९ किलोमीटर झाले. ताशी चाळीसचा वेग धरला आणि सव्वापाच तास असे उत्तर काढले. सहाला निघून सातच्या आत घरी, मधे आठ ठिकाणांसाठी साडेसात तास हाताशी. कागदावर हा हिशेब निर्दोष दिसत होता.

रविवार

सहाऐवजी सात पन्नासला निघालो. आईच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाच्याचा रेनकोट आणि टायरमधली हवा यांत वेळ गेला. सात आसनी गाडीत जागा कशा वाटल्या गेल्या हेही नोंदवले पाहिजे. नकाशा मुलीच्या मोबाइलवर असल्याने ती माझ्या शेजारी बसली. मधल्या ओळीत आई, ताई आणि माझ्यामागच्या खिडकीशी तात्या. मागच्या आडव्या-तिडव्या सीटवर पत्नी आणि भाचा. म्हणजे ज्या माणसाला दाखवायला निघालो होतो तो पाणी ओघळणाऱ्या बाजूच्या काचेतून बघणार होता, आणि ज्या मुलाला वळणे सोसत नाहीत त्याला गाडीत सर्वांत जास्त हेलकावे बसतात तिथे बसवले होते. घोटीच्या पुढे भाच्याने आपले काम चोख केले. प्लॅस्टिकची पिशवी पत्नीने वेळेवर उघडली एवढेच.

महामार्गावर मिसळीला पाऊण तास गेला आणि घोटीला पोचायला नऊ पस्तीस झाले. घोटी सोडल्यावर रस्त्याचा स्वभाव बदलतो. खड्डे आणि भातखाचरांतून रस्त्यावर आलेले पाणी तर होतेच, पण कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात दोन्ही बाजूंना लावलेल्या ट्रेकर मंडळींच्या गाड्यांमुळे वाहतूक मुंगीच्या पावलाने सरकत होती. मधे दोन धबधब्यांपाशी उतरलो, फोटो काढले, मक्याची कणसे खाल्ली. शेंडीला पोचलो तेव्हा अकरा वीस झाले होते.

या ठिकाणी जे दहा मिनिटांत घडले त्यावर सबंध दिवस फिरला, म्हणून ते सविस्तर सांगतो. गर्दीमुळे पोलिसांनी जलाशयाभोवतीची वाहतूक एकेरी केली होती. गाड्या मुरशेत-घाटघरच्या बाजूने आत सोडत होते आणि रतनवाडी-मुतखेलकडून धरणापाशी बाहेर काढत होते. धरण फेऱ्याच्या शेवटी येत होते. एकदा आत शिरले की पंचेचाळीस किलोमीटर पूर्ण केल्याशिवाय सुटका नव्हती. चौकातल्या हवालदाराने मला दुसरा मार्गही सांगितला होता. 'धरणच बघायचंय ना साहेब? गाडी इथं लावा आणि चालत जा. दीड किलोमीटर असंल.' मी काचेतून पावसाकडे पाहिले, मागे वळून तात्यांच्या चपलांकडे पाहिले आणि म्हणालो, 'वडील आहेत, त्यांना जमायचं नाही. फेरा मारून येतोच आहोत, तेव्हा निवांत बघू.' गाडीतल्या सर्वांनी मान डोलावली. तात्या नाशिकला रोज पहाटे गोदाकाठी तीन किलोमीटर चालतात. त्यांना जमेल का, हे मी हवालदाराला सांगून टाकले. तात्यांना विचारले नाही.

अकरा तीसला आत शिरलो. शेंडी ते घाटघर हे बावीसेक किलोमीटर कापायला दोन तास दहा मिनिटे लागली. रस्ता एका गाडीचा, त्यावर शेकडो गाड्या, आणि प्रत्येक धबधब्यापाशी पुढची गाडी मधेच थांबून दारे उघडत होती. क्लचचा जळका वास मला येत होता, पण मी तो कोणाला सांगितला नाही. पांजऱ्यानंतर मोबाइलची रेंज गेली. मधे एके ठिकाणी कणसे घेतली, ऑनलाइन पैसे जाईनात, आणि सात माणसांच्या खिशांत मिळून सुट्टे नव्वद रुपये निघाले.

घाटघरला पोचलो तेव्हा दुपारचे पावणेदोन होत आले होते आणि कोकणकड्याच्या कठड्यापलीकडे पांढऱ्या रंगाशिवाय काही नव्हते. आम्ही पस्तीस मिनिटे तो पांढरा रंग पाहिला. तात्यांना मात्र इथे रस वाटला तो वेगळ्याच कारणाने. घाटघरला २००८ पासून चालू असलेला २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरच्या तलावातले पाणी कड्याखालच्या तलावात सोडून वीज काढतात आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. मी हे सांगितल्यावर तात्यांनी मला दुसऱ्यांदा सांगायला लावले. 'तेच पाणी परत वर?' मी हो म्हणालो. 'आमच्याकडं एकदा चारी सोडून गेलेलं पाणी परत बघायला मिळालं नाही कधी,' असे म्हणून ते गाडीत जाऊन बसले.

घाटघर सोडून पंधरा मिनिटे झाली असतील. समोरून एक टेंपो उलट्या दिशेने आला. बहुधा गावातलाच असावा, त्याला एकेरी वाहतुकीचे सोयरसुतक नव्हते. त्याला वाट द्यायला मी गाडी डावीकडे घेतली आणि पुढचे चाक साइडपट्टीवरून खाली उतरून चिखलात फिरू लागले. जितका जोर दिला तितके ते खाली गेले. मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. शेजारच्या खाचरातून तीन तरुण आले आणि त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते 'सगळे खाली उतरा' असे. आम्ही सातही जण पावसात उतरलो. त्यांनी चाकाखाली सपाट दगड सरकवले, पेंढा टाकला, तरी चाक फिरतच राहिले, कारण खड्ड्यात वरच्या अंगाने पाणी भरत होते. तात्या दोन मिनिटे उभे राहून पाहत होते. मग त्यांनी एका पोराच्या हातातले फावडे मागून घेतले, धोतर गुडघ्यावर खोचले, वरच्या बाजूला मातीचा एक बांध घातला आणि खालच्या बाजूला हातभर चर काढून खड्ड्यातले पाणी शेताकडे वळवले. खड्डा तीन-चार मिनिटांत रिता झाला. पुन्हा दगड, पुन्हा पेंढा, आणि गाडी वर आली. त्या तिघांनी पैसे घेतले नाहीत. त्यांतला एक जण तात्यांना म्हणाला, 'बाबा, तुम्ही आमच्यातलेच दिसता.' सबंध दिवसात तात्या मनापासून हसले ते या वेळी. या सगळ्यात पन्नास मिनिटे गेली.

रतनवाडीला चार वाजले. दशम्या गाडीतच खाल्ल्या, कारण ओट्यावर टेकायला कोरडी जागा नव्हती. अमृतेश्वराचे देऊळ मात्र वेळ दिला असता तर दोन तास पाहत बसावे असे आहे. काळ्या दगडातली कोरीव कामे पावसाने धुऊन निघालेली, गाभाऱ्यात पाणी साचलेले, बाहेर कोनाड्यांत विष्णुमूर्ती असलेली पुष्करणी. एक तासात जेवण आणि देऊळ दोन्ही उरकले. तात्या पुष्करणीच्या पायऱ्यांकडे न जाता पलीकडच्या ओढ्याशी गेले, वाकून ओंजळ भरली, प्यायले नाहीत, डोक्याला लावली. मुलीने फोटो काढायला मोबाइल वर केला तोवर ते वळले होते.

पाचला निघालो. धरणापर्यंतच्या अठराएक किलोमीटरला एक तास चाळीस मिनिटे लागली, कारण दिवसभर आत शिरलेला सगळा जमाव आता त्याच तोंडातून बाहेर पडत होता. सहा चाळीसला धरणापाशी आलो तेव्हा धुके रस्त्यापर्यंत उतरले होते आणि काचा आतून इतक्या धुरकटल्या होत्या की मुलगी रुमालाने माझ्यापुढची काच पुसत होती. बागेचे फाटक बंद झालेले. पायथ्याशी गाडी थांबवू पाहिली तर शिट्टी वाजली आणि 'पुढे चला, पुढे चला' सुरू झाले. डाव्या की उजव्या बाजूला, नक्की कुठे, ते कळेना, पण पाणी प्रचंड आवाज करत कोसळत होते. तात्यांनी काच खाली केली. पाऊस आत येऊ लागला तेव्हा आईने ती बंद करायला सांगितली आणि त्यांनी बंद केली.

रंधा आणि राजूर यांचा विषयच कोणी काढला नाही. घरी पोचायला नऊ पन्नास झाले.

हिशेब कुठे चुकला

थांबण्याचे सगळे काळ वजा केले तर चाके नऊ तास पन्नास मिनिटे फिरत होती आणि अंतर १८५ किलोमीटर झाले, म्हणजे ताशी एकोणीसचा वेग. मी चाळीस धरला होता. पावसाळ्यातल्या रविवारी भंडारदऱ्याच्या फेऱ्यावर किलोमीटर हे माप निरुपयोगी आहे. तिथे दिवसाचा उजेड किती उरला, हे माप धरावे लागते. ऑगस्टच्या मध्यात सूर्य सातच्या सुमाराला मावळत असला तरी डोंगरात धुके उतरले की साडेपाचलाच दिवस संपतो. त्यामुळे आठ वाजता निघणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात साडेनऊ तास मिळतात, अकरा नव्हे. निघायला झालेला पावणेदोन तासांचा उशीर म्हणूनच दुप्पट महाग पडला: सहाला निघालो असतो तर साडेआठ-नऊच्या सुमाराला, गर्दी जमण्याआधी आणि बहुधा वाहतूक एकेरी होण्याआधीही, शेंडीत असतो.

पण उशीर हे मुख्य कारण नव्हे. साडेअकराला शेंडीच्या चौकात उभे असतानाही दिवस हातात होता. तिथे तीन वाटा होत्या. गाडी लावून चालत धरणाकडे जाणे ही एक. फेऱ्यात शिरणे ही दुसरी. आणि धरण चालत पाहून झाल्यावर फेऱ्याचा नाद सोडून रंध्यामार्गे राजूरकडे उतरणे ही तिसरी, जी कोणाला सुचलीच नाही. मी दुसरी निवडली, कारण धरण जवळ होते. जवळचे कुठे पळून जात नाही, परतताना पाहू, असा तो विचार. लांबच्या ठिकाणांची मनात धास्ती असते म्हणून ती आधी उरकावीशी वाटतात आणि हाताशी असलेले मागे पडत जाते. आमच्या यादीत धरण सहावे होते तेही याच कारणाने, कोणाला त्याची किंमत नव्हती म्हणून नव्हे.

दुसरी गोष्ट मला चार दिवसांनी कळली आणि ती मला अधिक लागली. तात्यांना रक्तदाबासाठी सकाळी जी गोळी असते ती लघवी वाढवणारी आहे. त्या दिवशी त्यांनी ती घेतलीच नव्हती. एवढ्या माणसांत, अनोळखी रस्त्यावर, सारखी गाडी थांबवायला कसे सांगायचे, म्हणून. शेंडी सोडल्यापासून रतनवाडीपर्यंत साडेचार तास आम्हाला वापरण्याजोगे स्वच्छतागृह दिसले नाही, त्यामुळे त्यांची धास्ती खोटी नव्हती. आई आणि ताई यांनीही त्या दिवशी दुपारपर्यंत पाणी जवळजवळ प्यायले नव्हते, हेही मग कळले. रात्री तात्यांच्या पावलांना सूज आली होती आणि मोज्याच्या कडांचे वळ उमटले होते. ते पाहून आम्ही 'दिवसभर पाय खाली सोडून बसलात ना' असे म्हणालो. डॉक्टरांना विचारल्यावर ते थोडे रागावले आणि अशी गोळी परस्पर बंद करायची नसते, प्रवासाच्या दिवशी वेळ पुढे-मागे करायची तर आधी विचारा, असे म्हणाले. आठ ठिकाणांच्या यादीत स्वच्छतागृहांची ओळ कुठेच नव्हती. सहलीची आखणी करणाऱ्या बहुतेक पुरुषांच्या यादीत ती नसते असे माझे निरीक्षण आहे, आणि त्यात मी आलोच.

जागांच्या वाटपाचे, रोख पैशांचे आणि क्लचचे धडे किरकोळ आहेत. ते कोणालाही पहिल्याच फेरीत मिळतात.

दुसरी फेरी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या एका बुधवारी आम्ही तिघे पुन्हा गेलो. तात्या पुढच्या सीटवर, आई मागे, यादीत नाव एकच. गोळी डॉक्टरांना विचारून संध्याकाळवर ढकललेली. सहा दहाला निघालो, घोटीला चहा घेतला आणि आठ पंचवीसला शेंडीत होतो. चौकात कोणी नव्हते. गाडी थेट धरणापर्यंत जात होती, तरी तात्या म्हणाले, 'इथंच लाव. चालू.' आई गाडीत बसली, आम्ही दोघे चाललो.

आकाश स्वच्छ होते. वळणावरून भिंत एकदम समोर येते. खालून पाहताना तिची उंची अंगावर येते आणि पायथ्याकडच्या आधारभिंती स्पष्ट दिसतात. १९६९ साली भिंतीला तडे गेल्याचे आढळले आणि मग तिला हे टेकू देऊन मजबूत केले गेले. तात्या तेव्हा विशी ओलांडून गेले होते. 'तेव्हा गावात बोलायचे की भंडारदरा फुटणार,' ते म्हणाले. 'पानशेत फुटून आठ वर्षंच झाली होती. नदीकाठची माणसं रात्रीची निजायची नाहीत. अन् आम्हाला काळजी कशाची, तर फुटलं तर उसाला पाणी कुठलं.'

मोरीतून थोडे पाणी सोडलेले होते आणि ते गोलसर खडकावरून पसरून खाली उतरत होते. यालाच अंब्रेला फॉल म्हणतात. हा धबधबा निसर्गाने नव्हे, धरणावरच्या माणसाने उघडलेल्या व्हॉल्व्हने चालतो, हे कळल्यावर तात्यांचे त्याच्याकडे पाहणे बदलले. ते धबधबा पाहत नव्हते, विसर्ग पाहत होते. किती वेळ, ते मी मोजले नाही. भिंतीवर जाऊ देत नाहीत असे पहारेकऱ्याने सांगितले, त्याचे त्यांना काही वाटले नाही.

निघताना त्यांनी त्या पहारेकऱ्यालाच गाठले.

'आत्ता किती सोडलंय?'

त्याने क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, असा आकडा सांगितला. तात्या बोटांवर मोजू लागले. ओझरच्या बंधाऱ्याला कधी लागणार, तिथून डाव्या पाटात, मग आमच्या फाट्याला, मग चारीला. पुटपुटत ते चौथ्या दिवसापर्यंत आले.

पहारेकरी म्हणाला, 'बाबा, आता ते खाली निळवंड्याच्या धरणात अडतं. तिथून जसं सोडतील तसं पुढं.'

तात्यांनी मिटलेली बोटे पुन्हा उघडली. 'म्हणजे हिशेब निळवंड्यापासून धरायचा,' ते म्हणाले, आणि रस्त्याने खाली पाहत पहिल्या बोटापासून पुन्हा मोजू लागले.